चार खाचांचा प्लग

माझ्या नवऱ्याला एखादी गोष्ट येत नसली की तो ती मोठ्या आवाजात करतो.

त्या रविवारी सकाळी त्याने गाडीचं बॉनेट उघडलं तेही धाडकन, चार खिडक्या उघडाव्यात अशा बेताने. उघडल्याही. वरच्या मजल्यावरचे काका चहाचा कप घेऊन गॅलरीत येऊन उभे राहिले. निवृत्त झाल्यापासून हे काका दुसऱ्यांची कामं वरून बघतात. घरात आम्ही त्यांना 'पाहणी अधिकारी' म्हणतो.

"काय हो, इंजिन उतरवताय का?"

"छे, नुसते प्लग बदलतोय," नवरा म्हणाला. "पंधरा मिनिटांचं काम."

पंधरा मिनिटं. हा आकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गाडी माझी आहे. माझी म्हणजे माझ्या पोटापाण्याची. रोज सकाळी सहा ते बारा मी सात दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या आणि लघवीच्या बाटल्या गोळा करते, बर्फाच्या पेटीत घालते आणि प्रयोगशाळेत नेऊन पोचवते. लोकांना हे काम हसण्यासारखं वाटतं. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण मला 'रक्तपिपासू वहिनी' म्हणतो, आणि नवरा ते घरी येऊन सांगतो, हसत. असो.

तीन दिवसांपासून गाडी थरथरत होती. सिग्नलला उभी केली की ताप आल्यासारखी हुडहुडायची. शुक्रवारी चढावर बंदच पडली, मागे एकोणीस नळ्या. बर्फ वितळला, नळ्या फुकट गेल्या आणि एकोणीस माणसांना पुन्हा हात पुढे करून सुई टोचून घ्यावी लागली. प्रयोगशाळेच्या साहेबाने मला आरडाओरडा न करता सांगितलं, तेच जास्त लागलं. "बाई, सोमवारी सहाला गाडी दारात नसेल तर तुमचा रूट दुसऱ्याला देतो. माणूस तयार आहे माझ्याकडे."

आज रविवार. आमचा गॅरेजवाला रविवारी फोन उचलत नाही. म्हणून नवऱ्याचा व्हिडिओ, नवऱ्याचा उसना आणलेला पान्यांचा संच, आणि नवऱ्याची पंधरा मिनिटं.

आता घरातला तिसरा आवाज सांगायला हवा. माझे सासरे. बाबा. बेचाळीस वर्षं त्यांनी स्वतःचं गॅरेज चालवलं. गेल्या वर्षी झटका आला. चालतात काठीने, बोलतात जड जिभेने, आणि उजवा हात सारखा हलत असतो. डॉक्टर म्हणाले, जरा जपा. माझ्या नवऱ्याने त्याचा अर्थ असा लावला की बाबांनी कशालाच हात लावायचा नाही. एकदा त्यांनी मिक्सर उघडला तर याने तो त्यांच्या मांडीवरून उचलून नेला, लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तसा. त्यांची अवजारांची पेटी जिन्याखाली असायची. ती 'वर माळ्यावर सुरक्षित ठेवलीय' असं त्यांना सांगितलं. तेव्हापासून बाबा पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. गाडी त्या खिडकीच्या समोरच उभी असते, चार हातांवर.

"टोपी धरून ओढ," खिडकीतून आवाज आला. "वायर नको धरू."

"बाबा, तुम्ही पेपर वाचा."

"वाचला. त्यात प्लगचं काही आलेलं नाही."

वर काका खुसखुसले. नवऱ्याने वायर धरूनच ओढली. नशीब, तुटली नाही.

"आता भोकाभोवतीची धूळ उडव. नाहीतर प्लग काढल्यावर सगळी माती इंजिनात."

नवऱ्याने ऐकू न आल्यासारखं केलं. मी आतून सायकलचा पंप आणला आणि चारही खड्ड्यांत हवा मारली. धुळीचा लोट त्याच्या तोंडावर गेला. मी मुद्दाम केलं असं तो अजून म्हणतो. मी अजून नाही म्हटलेलं नाही.

जुने प्लग निघाले. मी ते क्रमाने कागदावर मांडले. तीन नीट भाजलेल्या खारीच्या रंगाचे आणि एक डांबरात बुडवल्यासारखा.

"काळा कितवा?" खिडकी.

"तिसरा, बाबा."

"मग तोच आजारी. बाकी गाडी ठणठणीत आहे. नवे लाव, पळेल."

मला खरंच हायसं वाटलं. उद्या सहाला मी दारात असणार. नव्या प्लगची खोकी मीच फोडून दिली.

"आधी हाताने लाव हां," बाबा म्हणाले. "पाना शेवटी. प्लगच्या शेंडीला रबराची नळी अडकव, वीतभर, आणि बोटांनी फिरव. वाकडा जायला लागला तर नळी नुसती फिरते, जोर लागत नाही. आटे वाचतात."

"व्हिडिओत नळीबिळी काही नाही."

"व्हिडिओवाल्याचं इंजिन नाहीये ते."

"बाबा!" नवरा वळला. "मला करू द्याल का? जरा? एक काम?"

नवऱ्याने पहिला प्लग पान्यातच बसवला आणि थेट आत घातला. गेला. दुसराही गेला. मग याला चेव आला. तिसरं भोक एका पाइपाच्या मागे, तिरक्यात. दिसत नाही, हात नीट पोचत नाही. तिथे तर बोटांनीच चाचपायला हवं होतं. याने पाना घातला आणि सुरुवातीपासूनच दांड्याने फिरवायला लागला. कर्र कर्र. कर्र कर्र.

"थांब," खिडकीतून आलं. आजारपणापासून बाबांचा 'थ' जड येतो, तोंडातून दगड काढल्यासारखा.

कर्र.

"थांब! दीडच फेरा झालाय, इतक्यात घट्ट होतो का कधी? थांब, गाढवा!"

याने दोन्ही हातांनी जोर लावला. आतून किंकाळीसारखा बारीक आवाज आला. धातूचा. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण तो आवाज कळायला यंत्र कळावं लागत नाही.

त्याने प्लग उलटा फिरवून बाहेर काढला. आट्यांवर चांदीसारखा चकचकीत कीस चिकटला होता. तो प्लगचा नव्हता. इंजिनच्या हेडचा, प्लग ज्यात बसतात त्या भागाचा होता.

"गेलं वाटतं हेड," वरून पाहणी अधिकाऱ्यांचा अहवाल आला.

"काका, चहा गार होतोय तुमचा," मी म्हटलं. "आत जाऊन प्या."

गेले नाहीत, पण एक पाऊल मागे सरकले.

नवऱ्याने प्लग पुन्हा लावून पाहिला. लागेना. दुसरा नवा घेतला. तोही तिरका. मग याने पाना फरशीवर आपटला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांगत होते ना ते! सांगत होते ना!"

"तू त्यांची बाजू घेऊ नकोस!"

"कसली बाजू? माझा रूट जाईल उद्या! तुझ्या व्हिडिओवाल्याला सांग सहाला नळ्या गोळा करायला!"

"सगळं मला माहीत असायला हवं का? शिकवलं का कधी यांनी?" तो खिडकीकडे वळला. "शिकवलंत? गॅरेजमध्ये पान्याला हात लावला तर पाठीत धपाटा घालायचात. 'पुस्तक धर, काळे हात करू नकोस.' धरलं पुस्तक! आता म्हणे गाढव!"

खिडकीच्या आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काठीचा. वर्षभरात पहिल्यांदा बाबा कुणाचा हात न धरता पुढच्या पायऱ्या उतरून अंगणात आले. मी धरायला गेले तर काठीनेच मला बाजूला सारलं.

इंजिनावर वाकले आणि उजव्या हाताचं बोट त्या भोकात घालायला गेले. बोट काठावर आपटलं. पुन्हा गेलं, पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा त्यांनी तो हात उचलून बॉनेटच्या कडेवर फाडकन मारला. "मेला! याला आता काही उपयोग नाही!" एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि चिडले ते स्वतःच्याच हातावर. मग डाव्या हाताने चाचपलं. बराच वेळ.

"वरचे दोन-तीन आटे चेंगरलेत. खालचे शाबूत आहेत. होईल."

"होईल?"

"माझी पेटी खाली काढा. खालच्या कप्प्यात निळी डबी आहे, तिच्यात एक जुना प्लग आहे. चार बाजूंनी उभ्या खाचा पाडलेला. तो फिरवला की मोडलेले आटे पुन्हा सरळ होतात. अशी पन्नास हेडं वाचवलीयत मी त्याने. शिडी लाव रे, पेटी काढ."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे.

माळ्यावर पेटी नव्हती. पेटी चार महिन्यांपूर्वी भंगारात गेली होती. नवऱ्याचं म्हणणं, डोळ्यासमोर राहिली तर बाबा काहीतरी करून घेतील. हे त्याचं कारण. माझं कारण त्याहून हलकं होतं. मला जिन्याखालची जागा हवी होती, माझ्या बर्फाच्या पेट्यांसाठी. बाबा तपासणीला गेले होते त्या दुपारी आम्ही दोघांनी ती उचलून भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवली. जड होती. एक कडी त्याच्या हातात आणि दुसरी माझ्या. इतका वेळ मी नवऱ्यावर जे तोंड सोडत होते, त्यातलं अर्धं मला लागू होतं, आणि मला ते पुरतं माहीत होतं. म्हणूनच आवाज एवढा चढला होता.

"बाबा, ते..." नवऱ्याने सुरुवात केली, आणि तोंडात हवा भरून उभा राहिला. हा बोलणार नव्हता. याला अजून अर्धा तास दिला असता तरी याने 'चावी सापडत नाही' असंच काहीतरी काढलं असतं.

"पेटी नाहीये, बाबा," मी म्हटलं. "भंगारात दिली. आम्ही दोघांनी."

"कधी?"

"तुम्ही तपासणीला गेला होतात तेव्हा. चार महिने झाले."

"वजनावर दिली?"

"हो."

"किती भरली?"

असा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. "अठ्ठावीस किलो."

"अठ्ठावीस," बाबा म्हणाले. त्यांनी मान हलवली, हिशोब पटला नाही तर हलवावी तशी. "आणि चार महिने मी त्या माळ्याकडे बघत बसलो. रोज वाटायचं, आज म्हणेल मुलगा, बाबा काढून देऊ का. तूसुद्धा, सूनबाई? मला जेवायला वाढताना तुझ्या तोंडातून एकदाही ब्र निघाला नाही?"

"नाही निघाला."

"नालायक आहात दोघंही."

वर काका गॅलरीतून आत गेले. ते मात्र त्यांचं बरोबर होतं.

मला वाटलं आता बाबा वळून घरात जाणार, आणि गेले असते तर मी त्यांना एका शब्दाने थांबवू शकले नसते. गाडी उद्या तशीच उभी राहिली असती आणि ते मला शोभलंही असतं. पण ते काठीवर रेलून त्या कागदावरच्या काळ्या प्लगकडे बघत होते.

"हॅक्सॉ ब्लेड आहे का घरात?" त्यांनी विचारलं. "का तेही विकलंत?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "ब्लेड घरात नाहीच."

"आहे. दुधाच्या पिशव्या कापता ते स्वयंपाकघरात आहे," बाबा म्हणाले.

मी धावतच आत गेले. दुधाच्या पिशव्या कापायला आम्ही जी सुरी वापरतो ती सुरी नाहीच. ते लोखंड कापायच्या हॅक्सॉ ब्लेडचं मोडकं अर्धं पातं आहे. बाबांनीच कधीतरी एका बाजूने घासून धार काढलीय आणि मुठीला चिकटपट्टी गुंडाळलीय. दुसऱ्या बाजूचे दात तसेच. दहा वर्षं मी त्याने दूध कापतेय आणि त्याला दात आहेत हे मला आज दिसलं. पेटीतलं सगळं गेलं, हे तेवढं राहिलं. ते स्वयंपाकघरात होतं म्हणून ते कुणाला अवजार वाटलंच नाही.

बाबांनी पातं हातात घेऊन पाहिलं, दातांवरून अंगठा फिरवला. मग मला परत दिलं.

"काप. माझ्याच्याने सरळ जाणार नाही."

"मी?"

"मग काय काकांना बोलावू?"

काळा प्लग पान्यात अडकवला, पाना पायरीवर ठेवून पायाखाली दाबला आणि मी पातं चालवायला लागले. आट्यांवरून उभी खाच, वरपासून खालपर्यंत. पहिली खाच पाडायला वीस मिनिटं लागली. पातं घसरलं आणि करंगळीला लागलं. बाबा पायरीवर माझ्या शेजारी बसले होते. "पुढे जाताना दाब, मागे येताना सोड. पोळी लाटतेस ना? लाटताना काय दोन्हीकडे सारखाच जोर देतेस?" लाटणं नीट चालवत होते मी वीस वर्षं, पण कुणी असं कधी समजावून सांगितलं नव्हतं. दुसरी खाच दहा मिनिटांत झाली. चौथी तर मला आवडायला लागली. रागात असलेल्या माणसाला कापायला काहीतरी हवंच असतं.

खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे सुटणारा कीस त्यात चिकटावा आणि इंजिनात पडू नये. रबराची नळी अंगणातल्या झाडांना पाणी घालायच्या पाइपाची कापली, वीतभर. प्लगच्या शेंडीत घट्ट बसली.

"आता तू," बाबा मला म्हणाले. मग नवऱ्याकडे न बघता, "आणि तू बॅटरी धर."

नवऱ्याने मुकाट्याने बॅटरी आणली.

"माझ्या डोळ्यांत नको, भोकात पाड उजेड. चाळिशीचा घोडा झाला, बॅटरी धरता येत नाही."

"कधी धरायला दिलीत?"

"आता दिलीय. धर."

आणि त्याने धरली. पुढे दीड तास धरली, हात भरून आला तरी खाली घेतली नाही. हे त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते.

"आधी उलटा फिरव," बाबा म्हणाले. "हळू. आत 'टक्' होईल. आटा आट्यात पडला की कळतं. ते झाल्याशिवाय सरळ फिरवायचं नाही."

मी नळी उलटी फिरवली. काही नाही. पुन्हा. काही नाही. बाबांचा डावा हात इंजिनावर टेकलेला. तिसऱ्या फेऱ्याला बोटांना अगदी बारीक ठेच लागल्यासारखं झालं.

"झालं," बाबा माझ्याआधी म्हणाले. "आता अर्धा फेरा पुढे. पाव मागे. अर्धा पुढे."

नळी फिरायची, अडली की घसरायची, मी थांबायचे. प्लग बाहेर काढायचा, चकचकीत कीस फडक्याला पुसायचा, नवं ग्रीस, पुन्हा आत. पहिला आटा. दुसरा. माझी पाठ मोडली. करंगळीचं रक्त ग्रीसमध्ये मिसळलं आणि मला उगाच हसू आलं, रोज दुसऱ्यांचं वाहते, आज स्वतःचं. अकराव्या की बाराव्या वेळी नळीवर काहीच जोर लागेना. प्लग फिरतच गेला. फिरतच गेला, लोण्यात गेल्यासारखा, तळाला टेकेपर्यंत.

बाबांनी डोळे मिटले.

मग बाबांनी ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढून, भोक उघडंच ठेवून दोनदा स्टार्टर मारायला लावला, आत काही राहिलं असेल तर उडून यावं म्हणून. नवे प्लग चारही मी बोटांनी लावले. नवऱ्याने लावलेले दोनसुद्धा काढून पुन्हा. शेवटचा अर्धा फेरा पान्याने द्यायचा होता, तेव्हा बाबांनी पाना नवऱ्याच्या हातात दिला.

"अर्धा. अर्ध्याच्या पुढे गेलास तर काठी घालीन."

त्याने अर्धाच दिला.

किल्ली फिरवली. एकदा खोकली, धूर आला, ग्रीसचा वास आला, आणि मग गाडी चालू झाली. थरथर नाही. कप ठेवला असता तर चहा हलला नसता. बाबा कान देऊन उभे होते. "तिसरा बोलतोय," म्हणाले. मी तिथल्या तिथे साहेबाला निरोप धाडला, उद्या सहाला दारात आहे. घड्याळ बघितलं. नऊला बॉनेट उघडलं होतं. पावणेदोन वाजले होते.

वरची गॅलरी पुन्हा भरली. "झालं का हो?"

"झालं, काका!" नवरा छाती काढून ओरडला. "प्लगच होते! मी म्हटलंच होतं!"

मी गाडीत बसले होते, हात स्टिअरिंगवर, ग्रीस कोपरापर्यंत. वाटलं होतं राग उतरला असेल. कसला उतरतोय. मी शेजारचं दार आतून उघडलं.

"बाबा, बसा."

"आता कुठे?" नवरा. "जेवायचं नाही का?"

"भंगारवाल्याकडे. तूही बस. मागे."

तो मागे बसला, बर्फाच्या दोन पेट्यांच्या मधे गुडघे पोटाशी घेऊन. बाबा पुढे. खाचांचा प्लग त्यांच्या उजव्या मुठीत होता आणि हात हलेल तसा तो दाराच्या कडीवर वाजत होता. गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. आता बोलायलाच हवं होतं.

"बाबा, चार महिने झालेत. पेटी तिथे नसणार."

"माहितीये मला."

"मग?"

"मला त्या माणसाचा काटा बघायचाय. म्हणे अठ्ठावीस किलो. माझी पेटी पस्तिसाच्या खाली नव्हतीच कधी. चोर आहे तो."

"पस्तीस कशावरून, बाबा?" मागून नवऱ्याने विचारलं.

"रोज उचलत होतो, गाढवा," बाबा म्हणाले, आणि मुठीतल्या प्लगने पुढच्या काचेकडे खूण केली. "चल गं, हाण."